कंट्रोलचे मासे

लखनौमध्ये रेशनच्या दुकानाला कोटा म्हणतात. कोट्याची साखर, कोट्याचं रॉकेल. आम्ही रत्नागिरीकडचे लोक त्याला कंट्रोल म्हणतो. हा फरक मला वेळेवर कळला असता तर एका माणसाचे सहा आठवडे वाचले असते. पण तो मुद्दाम सांगावा असं कोणाला काही कारण नव्हतं, आणि मी विचारणाऱ्यांतली नाही.

आमच्या ह्यांची नोकरी एका सरकारी प्रयोगशाळेत होती. पाण्यात काय मिसळलंय आणि त्याने माशांचं काय होतं, ते तिथे तपासत. हे तिथे यंत्रांची देखभाल करायचे. आम्ही विकासनगरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मुलगा शाळेत गेला की मी दिवसभर घरात. त्या वर्षी माशांना सकाळ-संध्याकाळ खायला घालणारा माणूस सोडून गेला, तेव्हा हे साहेबांना म्हणाले, आमच्या घरात आहे एक, कोळ्याची मुलगी आहे, माशांना घाबरत नाही. माणसांना घाबरते, हे त्यांनी सांगितलं नाही. मला रोजंदारीवर घेतलं.

पहिला महिनाभर तिथल्या लोकांना मी मुकी वाटत होते. मला हिंदी कळायचं, पण तोंडातून निघताना बाईचा पुरुष आणि पुरुषाची बाई व्हायची, म्हणून मी मान हलवायची. झाडूवाली एकदा दुसरीला म्हणाली, "बेचारी गूँगी है, पर हाथ की साफ़ है." मी तेव्हाही मान हलवली.

प्रयोग एका संशोधन करणाऱ्या मुलीचा होता. ती लखनौचीच. सगळे तिला दीदी म्हणायचे, मी मॅडम म्हणायची, ती मला भाभी म्हणायची. तिने मला पहिल्या दिवशी तीन काचेच्या पेट्या दाखवल्या. प्रत्येकीत रोहूची वीस पिल्लं, बोटाएवढी. दोन पेट्यांत एका नाल्याचं पाणी मिसळलेलं होतं, एकीत कमी, एकीत जास्त. तिसरीत नुसतं बोअरिंगचं पाणी. पेट्यांवर चिठ्ठ्या इंग्रजीत होत्या. आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं आणि मी चौथीत थांबले, म्हणून मी पेट्या जागेवरून ओळखायची. खिडकीकडची, मधली, दाराकडची.

मॅडम भराभर बोलायची. नाल्याच्या पेट्यांकडे हात करून म्हणाली, "इनको पेट भर देना, जितना दस मिनट में खा लें." मग दाराकडच्या पेटीवर बोट ठेवून म्हणाली, "और ये कंट्रोल है, भाभी. इसका ख़ास ध्यान रखना." आणि ती लायब्ररीत गेली.

मला सगळं स्पष्ट समजलं. दोन पेट्यांना पोटभर. तिसरी कंट्रोलची. कंट्रोल म्हणजे डोईमागे ठरलेलं, त्याच्यावर नाही. खास ध्यान म्हणजे जास्त जायला नको. सरकारी लोक आहेत, रेशनवर जगणाऱ्याचं काय होतं हे त्यांना बघायचं असेल, असं मला वाटलं. त्यात मला विचित्र काही वाटलं नाही. आम्हीही त्याच्यावर वाढलो होतो.

सरसोंची पेंड आणि भाताचा कोंडा भिजवून मी गोळा करायची. नाल्याच्या पेट्यांत तो तसाच सोडायची. कंट्रोलसाठी मुगाएवढ्या गोळ्या वळायची, वीस सकाळी, वीस संध्याकाळी, मोजून. एकाने दोन खाल्ल्या आणि दुसऱ्याला मिळाली नाही तर मला वाईट वाटायचं, पण दुकानातही तसंच होतं. दसऱ्याला मी त्यांना दोन-दोन गोळ्या दिल्या. सणाला साखर जास्त मिळते, त्या हिशेबाने.

आता नाल्याचं पाणी कुठून यायचं ते सांगते, कारण सगळं त्याच्यावरच होतं.

गोमतीच्या काठी, शहराच्या खालच्या अंगाला, एक म्हातारा मल्लाह मासे धरायचा. त्याला सगळे चाचा म्हणायचे. त्या पावसाळ्यात नाला जिथे नदीला मिळतो त्याच्या खाली मासे मरून वर आले. चाचांनी तक्रार केली की वरच्या कारखान्यात भांड्यांना मुलामा देतात, ते पाणी नाल्यात सोडतात, आणि शेतांतलं फवारणीचं औषधही पावसाबरोबर त्याच नाल्यात येतं. कारखान्याच्या लोकांनी उलटी तक्रार केली की मासे सहज मिळावेत म्हणून मल्लाह लोकच पाण्यात औषध टाकतात. तसं करणारे लोक असतात, ही गोष्ट खरी आहे. चाचा त्यातले नव्हते, पण हे कागदावर कुठे नव्हतं. मत्स्य खात्याच्या कचेरीने चाचांना जाळं टाकायची मनाई केली आणि प्रयोगशाळेला कळवलं की नाल्याच्या पाण्याने मासे मरतात की नाही ते बघून सांगा. मरत असतील तर चाचा सुटले. मरत नसतील तर औषध चाचांनी टाकलं.

नाल्याची जागा चाचांनाच माहीत, म्हणून दर मंगळवारी पाणी आणायचं कामही त्यांच्याकडे होतं. त्यांनी वाटेत काही मिसळू नये म्हणून बरोबर कचेरीचा एक शिपाई. सायकल एकच होती. पायडल चाचा मारायचे आणि शिपाई कॅन मांडीवर घेऊन मागे बसायचा. देखरेख त्याची होती. दोघे यायचे तेव्हा चाचा घामाने भिजलेले असायचे आणि शिपाई पेंगत असायचा.

चाचा पेट्यांसमोर उकिडवे बसायचे. मला म्हणायचे, "कहो बहू, हमारे गवाह कैसे हैं?" मी मान हलवायची.

तिसऱ्या आठवड्यात मॅडमने मासे तोलले. कंट्रोलचे मासे मागे पडले होते. ती म्हणाली, बोअरिंगचं पाणी जड असेल. सहाव्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा तोलले, तेव्हा तिने तराजू तीनदा पुसला. नाल्याचे मासे मंद होते, अंगावर बुळबुळीत थर आलेला होता, कधी कधी तिरके पोहायचे, पण पोट भरलेलं होतं आणि वजन वाढलेलं होतं. कंट्रोलचे मासे म्हणजे डोकं मोठं आणि मागे दोरी. एकमेकांच्या शेपट्या कुरतडलेल्या. दोन मेले होते. नाल्याच्या पेट्यांतही दोन-दोनच मेले होते.

साहेब येऊन बघून गेले. ते म्हणाले, "आँकड़े तो साफ़ हैं. नाले के पानी में ये तो मोटी हो रही हैं." मॅडम म्हणाली, "सर, कुछ गड़बड़ है." साहेब म्हणाले, "गड़बड़ नहीं, रिज़ल्ट है. टाइप करवाओ, सोमवार को साइन कर दूँगा."

त्या दिवशी मंगळवार होता, चाचा आले. हे शेवटचं पाणी होतं. ते नेहमीसारखे बसले, आणि दाराकडच्या पेटीकडे बघत राहिले. मग मॅडमला म्हणाले, "बिटिया, इनको खाना-वाना नहीं मिलता का?"

"सबको बराबर मिलता है, चाचा."

"बराबर मिलता तो ऐसी सूरत न होती. ये तो हमारी ससुराल की बारात लगे है."

शिपाई हसला. मॅडम हसली नाही. मी हातातल्या गोळ्या पदराखाली लपवल्या, कारण मला 'बराबर' हा शब्द ऐकू आला होता.

त्या संध्याकाळी हे जेवत होते तेव्हा मी विचारलं, "अहो, कंट्रोल म्हणजे काय?"

"रेशनचं दुकान."

"तसं नाही. तुमच्या लॅबमधलं."

"ते होय. ज्याला काही करायचं नाही ते. साधं पाणी. बाकी सगळं दुसऱ्यांसारखंच, मग दोन्ही ताडून बघतात."

"खाणंपण सारखंच?"

"खाणं तर सारखंच पाहिजे. नाहीतर काय कशाने झालं ते कळणार कसं?" मग त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "का गं?"

मी सांगितलं. त्यांनी आमटीची वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "दसऱ्याला दोन-दोन?"

"हो."

"कोणाला बोललीस हे?"

"नाही."

"मग बोलू नकोस. तू तशीही बोलत नाहीस. चांगली सवय आहे ती, मोडू नकोस."

"आणि चाचा?"

"चाचांना काय आपण नाल्यात ढकललंय?"

"अर्धं मीच ढकललंय."

आमचा मुलगा तिथे बसला होता. तो मराठी समजायचा पण उत्तर हिंदीत द्यायचा. तो म्हणाला, "मम्मी, आपने मछलियों का राशन काट दिया? यार, ये तो हद है." ह्यांनी त्याला अभ्यासाला पाठवलं.

बुधवार आणि गुरुवार मी काही बोलले नाही. कंट्रोलच्या माशांना मात्र पोटभर घातलं. ते पाण्याबाहेर उड्या मारत होते. त्याने काही बदलणार नव्हतं, वजन लिहून झालं होतं. मी मनातल्या मनात हिंदी वाक्य तयार करत होते. एक झालं की दुसरं मोडायचं. शुक्रवारी दुपारी मॅडम एकटी स्टुलावर बसून टाइप केलेले कागद तपासत होती. मी जाऊन उभी राहिले. तिने वर बघितलं. मी तिच्याजवळ आपणहून कधी गेले नव्हते, त्यामुळे ती घाबरली. तिला वाटलं कुठे आग लागली.

मी म्हटलं, "मॅडम, मछली को मैंने उपास कराया."

"क्या कराया?"

"उपास. कंट्रोल को."

"व्रत?" ती म्हणाली. "भाभी, मछलियों का व्रत? किस भगवान का?"

"भगवान का नहीं. सरकार का."

मग मी रेशनकार्ड, डोई, गोळ्या, सगळं सांगितलं. मध्येच मराठी येत होतं. मुगाएवढी म्हणजे किती ते मी अंगठ्याच्या नखावर दाखवलं. ती आधी हसली, इतकी की झाडूवाली दारात येऊन उभी राहिली. "अरे, ये तो बोलती है!" झाडूवाली म्हणाली. मग मॅडमचं हसू थांबलं. तिने टाइप केलेला कागद पालथा घातला, पेन काढलं, आणि विचारलं, "सुबह बीस, शाम को बीस. कब से?"

"पहले दिन से."

"पहले दिन मैंने कहा था, ख़ास ध्यान रखना."

"हाँ जी. रखा."

तिने कपाळाला हात लावला. मला वाटलं ती रडणार. ती कागद घेऊन साहेबांकडे गेली.

साहेबांनी मला नाही, ह्यांना बोलावलं. केबिनमध्ये काय झालं ते ह्यांनी मला पूर्ण कधीच सांगितलं नाही. बाहेर आले तेव्हा कान लाल होते. निर्णय असा झाला की प्रयोग पहिल्यापासून पुन्हा करायचा, कचेरीकडून सहा आठवडे वाढवून घ्यायचे. आणि खायला मीच घालायचं. साहेब म्हणाले म्हणे, नवीन माणूस आणला तर तो काय समजून बसेल याचा भरवसा नाही, हिची चूक निदान माहीत तरी आहे.

चाचांना सांगायचं राहिलं होतं. मनाई आणखी सहा आठवडे राहणार होती, ती माझ्यामुळे. ते पुढच्या मंगळवारी कॅन घेऊन आले. मॅडम सांगायला निघाली तर मी म्हटलं, मी सांगते. एकदा तोंड उघडलं होतं, म्हणून.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. शिपाई माझ्याकडे बघत होता, चाचा पेटीकडे. मग ते म्हणाले, "अच्छा. तो हमारी गवाही कोटे में बँट गई."

मी म्हटलं, "गलती हो गया, चाचा."

"हो गई," चाचा म्हणाले. "गलती औरत होती है, बहू. हो गई." आणि गमछा झटकून खांद्यावर टाकला. जाताना मात्र सायकलला टेकून बराच वेळ उभे होते. ते सहा आठवडे त्यांनी निशातगंजच्या बाजारात टोपली घेऊन शिंगाडे विकले. मी दोनदा तिकडे गेले आणि दोनदा दुसऱ्या गल्लीने परत आले.

दुसऱ्या वेळी मॅडमने मला एक वही दिली. किती घातलं, किती उरलं, ते रोज लिहायचं. मी देवनागरीत लिहायची. थंडी पडायला लागली होती, म्हणून तिन्ही पेट्यांत पाणी कोमट ठेवणाऱ्या विजेच्या कांड्या सोडल्या होत्या. नवी पिल्लं, तीच पेंड, तोच कोंडा, तिन्हींकडे पोटभर.

पहिले दोन आठवडे तिन्ही पेट्या सारख्याच दिसत होत्या. मला रात्री झोप लागेना. मी सकाळी आठला दार उघडायची आणि नाल्याच्या पेटीत कोणी मेलंय का ते आधी बघायची. नसलं की माझा चेहरा उतरायचा. हे बरोबर नव्हतं. माशांनी माझं काही बिघडवलं नव्हतं.

आणि एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. नाल्याच्या माशांना मी थोडं कमी घातलं असतं तर कोणाला कळलं नसतं. वहीत मीच लिहीत होते. कमी खाणाऱ्याचं काय होतं ते मला तिथल्या कोणापेक्षाही जास्त माहीत होतं. चार दिवस मी पेंडीचा गोळा हातात घेऊन मधल्या पेटीसमोर थांबायची. पाचव्या दिवशी मी मॅडमला म्हटलं, तुम्ही सकाळी आठला या. ती म्हणाली, "इतनी सुबह क्यों, भाभी?" मी म्हटलं, "आप देखो. बस देखो." ती रोज यायला लागली. डोळ्यांवर झोप असायची, हातात चहा, पण समोर उभी राहायची. मग मी सगळ्यांना सारखं घातलं.

पाऊस थांबल्यामुळे नाला आता पातळ होत नव्हता, कॅनमधलं पाणी पहिल्या वेळेपेक्षा काळं यायचं. चौथ्या आठवड्यापासून नाल्याचं पाणी जास्त असलेल्या पेटीतले मासे खाणं सोडायला लागले. पेंड तळाशी पडून राहायची, मी ती गाळून तोलून वहीत लिहायची. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायचे. अंगावरचा थर तारेसारखा लोंबायचा. तीन माशांची पाठ वाकडी झाली, ते पोहायला लागले की गोल फिरायचे. मॅडमने मेलेले मासे कापून मला कल्ले दाखवले. ताज्या माशाचा कल्ला लालभडक असतो, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. हे कल्ले राखेच्या रंगाचे होते आणि त्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली होती. ती म्हणाली, क्रोमियम, थोडं शिसं, आणि शेतातली दवा. श्वास घ्यायची जागाच बंद होते. मी मान हलवली.

सहाव्या आठवड्याला कंट्रोलचे मासे अंगठ्याएवढे जाड झाले होते, वीसच्या वीस. कमी पाण्याच्या पेटीत तेरा उरले होते, जास्त पाण्याच्या पेटीत सहा. साहेबांनी स्वतः तोलून बघितलं आणि ह्या वेळी तराजू त्यांनी पुसला. मग सही केली.

अहवाल इंग्रजीत होता. कचेरीतून निरोप आला की हिंदीत पाहिजे. हिंदी टाइप करणारा रजेवर होता आणि मॅडमचं हिंदी अक्षर डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं होतं. ती म्हणाली, "भाभी, आपकी लिखाई सुंदर है, मैं बोलती हूँ, आप लिखिए." साहेबांच्या नावाचा छापील कागद एकच शिल्लक होता, म्हणून मी बारीक अक्षरात पाठपोट लिहिलं. लिहायला दोन तास लागले. खाडाखोड एकही नाही. साहेबांनी खाली सही-शिक्का केला.

कागद न्यायला चाचा स्वतः आले. शिपायाला पुढे यायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून सायकल हलकी होती. चाचांना वाचता येत नव्हतं. मॅडमने मोठ्याने वाचून दाखवलं. नाल्याच्या पाण्याने मासे मरतात, असं स्पष्ट होतं. चाचांनी डोळे मिटून ऐकलं. मग ती पुढे वाचायला लागली आणि चाचांनी डोळे उघडले.

"ये क्या पढ़ा, बिटिया? दोबारा पढ़ो."

"यही कि जो मछलियाँ बच गईं, उनके मांस में भी ये धातुएँ मिलीं. नाले के नीचे की मछली खाने लायक नहीं है."

"हमारी मछली?"

"नाले के नीचे वाली, चाचा."

"वही तो हमारी है."

चाचांनी कागद हातात घेतला, उलटा धरला, आणि मला दाखवून हळूच म्हणाले, "बहू, तुम्हीं ने लिखा है न? ये जो आख़िर वाली बात है, ये पन्ना अलग कर दो. पहली वाली बात से हमारा काम चल जाएगा."

मी कागद पालटून दाखवला. "एक ही पन्ना है, चाचा. दोनों तरफ लिखा है."

त्यांनी कागदाच्या दोन्ही बाजूंवरून बोट फिरवलं. मी मुद्दाम तसं लिहिलं का, असं त्यांना वाटलं असेल. मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. पण दोन कागद असते तर मी काय केलं असतं, हेही मला सांगता येत नाही.

त्यांनी कागदाची घडी घातली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी बंडीच्या आत ठेवली आणि कचेरीत नेऊन दिली. औषध टाकल्याचा ठपका गेला. जाळं टाकायची परवानगी मिळाली. नाल्याबद्दल पुढे पाहणी करू, असं कचेरीने लिहून दिलं.

फेब्रुवारीत चाचांनी नाव नाल्याच्या वरच्या अंगाला नेली. तिथे दुसऱ्या मल्लाहांची जागा होती, ती लोकं भांडली, मग थोडं सरकून घेतलं. मासे कमी मिळायचे आणि सकाळी दोन तास आधी निघावं लागायचं. कचेरीने त्यांना वर जायला सांगितलं नव्हतं. खालच्या पाण्याची परवानगी त्यांच्याजवळ होती, शिक्क्याची. ती त्यांनी वापरली नाही.